रंकाळ्याच्या काठावर चित्रं मांडताना

उघड्यावर चित्रं मांडायची तर पहिलं काम दिशा बघण्याचं. मागचं कापड कुठल्या रंगाचं, पाट्या कुठल्या अक्षरात, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, हे सगळं नंतर. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चौपाटीच्या बाजूला उभं राहिलं की पाणी पश्चिमेला येतं आणि शहर पाठीमागं, पूर्वेला. अशा जागी कुणालाही आधी सुचतं ते असं, की काठाला समांतर भिंत उभी करावी, म्हणजे फिरायला आलेला माणूस चालता चालता चित्रं बघत जाईल. आमच्या गटानं जानेवारीअखेर इथं प्रवासचित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा आम्हीही आधी तसा आराखडा काढून बघितला आणि तो कागदावरच राहिला. भिंतीचं तोंड पाण्याकडं केलं तर दुपारी चारनंतरचा उतरता सूर्य थेट चित्रावर येतो, शिवाय पाण्यावरून उलटून खालूनही येतो. तोंड शहराकडं केलं तर ऊन बघणाऱ्याच्या डोळ्यांत आणि चित्रं काळी. चार ते साडेसहा ही रंकाळ्यावरच्या गर्दीची वेळ, आणि नेमकी तीच दोन्हीकडून हातची जाते.

म्हणून रांगा काठाशी काटकोनात लावल्या, चित्रांची तोंडं उत्तरेला. जानेवारीअखेर कोल्हापुरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो. माथ्यावर येतो तेव्हाही क्षितिजापासून साधारण 56 अंशांवरच असतो, त्यामुळं उत्तरेकडच्या बाजूवर ऊन पडतच नाही. चित्रं टांगायच्या 7 फूट उंचीच्या चौकटीची भरदुपारची सावली उत्तरेला साडेचार ते पाच फूट पडते, म्हणजे चित्र बघणारा माणूसही सावलीत उभा राहतो. दोन रांगांमध्ये 12 फूट अंतर ठेवलं की सावली पुरते आणि गर्दीही अडत नाही. हा हिशेब सप्टेंबरअखेर ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच चालतो. त्यानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागतो आणि उत्तरेच्या तोंडावर सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर तर कोल्हापुरात सूर्य दुपारीही डोक्याच्या उत्तरेला जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी जास्त असते म्हणून एप्रिल-मे धरणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

काटकोनातल्या रांगांना एक अडचण असते. दक्षिणेकडं चालणाऱ्याला चित्रं दिसतात आणि उत्तरेकडं चालणाऱ्याला चौकटींच्या पाठी. ही पाठ मोकळी सोडली तर निम्मे लोक मांडववाल्याचं सामान पडलंय समजून पुढं जातात. आम्ही पाठीमागं प्रवासाचा मजकूर लावला: चित्रकार कुठून कुठं गेला त्याचा नकाशा, नदीचं नाव, कुठल्या महिन्यात कुठल्या घाटावर बसून चित्र केलं, आणि वहीतल्या पेन्सिलीच्या रेखाटनांच्या मोठ्या प्रती. हा सगळा छपाईचा माल असल्यामुळं त्याच्यावर दक्षिणेचं ऊन पडलं तरी दोन दिवसांत काही बिघडत नाही.

प्रवासचित्रं म्हटली की वहीत सगळंच असतं: किल्ले, बाजार, उंट, रेल्वेचे फलाट. रंकाळ्याच्या काठाला शोभतील अशी आम्ही पाण्याकाठचीच निवडली. बनारसचे घाट, महेश्वरची नर्मदा, हंपीजवळ तुंगभद्रेतल्या गोल टोपल्यांच्या नावा, बदामीचं अगस्त्य तीर्थ आणि त्याच्या काठचं भूतनाथाचं देऊळ, पुष्करचं सरोवर, आणि घरच्या जवळची नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची. शेवटच्या रांगेत खुद्द रंकाळा आणि त्याच्या पाण्यालगतची जुनी दगडी वास्तू, संध्यामठ. इथं जरा सांभाळून राहावं लागतं, कारण या गावाला चित्रं बघायची सवय आहे. आबालाल रहिमान यांनी याच परिसरात बसून निसर्गचित्रं केली, संध्यामठही रंगवला. टाऊन हॉलच्या बागेत झाडाखाली बसून काम करणारे चित्रकार लोकांनी पाहिलेले आहेत. त्यामुळं 'कायतरी आधुनिक असंल' म्हणून कुणी गप्प बसत नाही. संध्यामठाची कमान चुकली तर तोंडावर सांगतात.

चित्रांची निवड विषयावर निम्मी झाली, उरलेली निम्मी रंगांच्या टिकाऊपणावर. जलरंगातलं चित्र संग्रहालयात 50 लक्सच्या उजेडात ठेवतात. उघड्या आकाशाखालच्या सावलीत, ऊन थेट पडत नसतानाही, सहज 10,000 लक्स उजेड असतो. सावलीत 8 तास ठेवलं तर 80,000 लक्स-तास होतात. तेवढाच उजेड संग्रहालयात अंगावर घ्यायला चित्राला 1,600 तास लागतील, म्हणजे रोज 8 तासांप्रमाणे 200 दिवस. थेट उन्हात उजेड 1 लाख लक्सपर्यंत जातो, तिथं हिशेब मांडायचंच काम नाही.

सगळे रंग सारखे उडत नाहीत. बनारसच्या पहाटेच्या आकाशात चित्रकार जो गुलाबी वापरतात, तो बहुतेकदा ॲलिझरिन क्रिमसन किंवा चमकणारा ऑपेरा पिंक असतो, दोन्ही उडणाऱ्यांपैकी. बनारसचे घाट गंगेच्या पश्चिम काठावर आहेत आणि सूर्य समोरून, पैलतीरावरून उगवतो. त्यामुळं तिथली बहुतेक चित्रं पहाटेची, आणि पहाट म्हणजे तोच गुलाबी. उलट बदामीचा तांबडा दगड रंगवायला बर्न्ट सिएना, लाइट रेड, यलो ऑकर लागतात. हे लोहाच्या ऑक्साइडचे मातीरंग. त्यांना उजेडाचं भय जवळजवळ नाही. अल्ट्रामरीन निळाही उजेडात पक्का. तेव्हा चित्रकाराकडून प्रत्येक चित्रात वापरलेल्या रंगांची यादी मागून घ्यावी. नळीवर पी आर, पी बी अशी अक्षरं आणि आकडा छापलेला असतो. पी आर 83, म्हणजे ॲलिझरिन क्रिमसन दिसलं, की ते चित्र मूळ स्वरूपात बाहेर काढायचं नाही.

ही चाळणी लावल्यावर तीन गट पडले. कॅनव्हासवरची ॲक्रिलिकची कामं मूळचीच मांडली. मातीरंगांतली जलरंगचित्रं मूळची, पण दुपारी 4 नंतर, सूर्यास्तापर्यंत. बाकी सगळ्यांच्या प्रतिकृती. प्रतिकृती काढताना मूळ चित्र 600 डीपीआयला स्कॅन करून 300 जीएसएमच्या सुती कागदावर पिगमेंट शाईनं छापून घेतलं. छापणारा पहिला नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दाखवतो. तो तिथं पसंत करू नये. दाराबाहेर सावलीत नेऊन मूळ चित्राशेजारी धरावा. सगळ्यात आधी फसतो तो फिक्या आकाशाचा निळा, तो जांभळ्याकडं झुकतो. आणि पाटीवर 'प्रतिकृती' हा शब्द चित्राच्या नावाइतक्याच अक्षरात हवा. खाली कोपऱ्यात बारीक लिहिणं ही फसवणूकच आहे, मग विकायची असो वा नसो.

ॲक्रिलिकच्या कॅनव्हासबद्दल एक गोष्ट चित्रकारही विसरतात. ॲक्रिलिकचा थर उन्हानं तापला की मऊ पडतो आणि उडणारी धूळ त्यात बसते, मग ती पुसून निघत नाही. त्यामुळं वॉर्निश नसलेलं ॲक्रिलिक बाहेर न्यायचं नाही. शिवाय ताणलेला कॅनव्हास वाऱ्यात फडफडतो आणि त्याच्या मागच्या पट्टीचा ठसा पुढं उमटतो. मागून 3 मिलिमीटरची हार्डबोर्डाची पाठ स्क्रूनं बसवली की दोन्ही त्रास थांबतात.

फ्रेमची मापं एकसारखी ठेवणं फायद्याचं ठरलं. पूर्ण तावाचा जलरंग कागद 22 बाय 30 इंच. त्याचा अर्धा 15 बाय 22, चौथाई 11 बाय 15. चारी बाजूंनी अडीच इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, धरलं की अर्ध्या तावाची फ्रेम 20 बाय 27 आणि चौथाईची 16 बाय 20. दोनच मापं, त्यामुळं हुक, पेट्या, ठोकळे सगळं दोन मापांत. काच वापरली नाही. 20 बाय 27 ला 2 मिलिमीटर काच पावणेदोन किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक शीट सव्वाआठशे ग्रॅम. वजनापेक्षा मोठं कारण हे की काच फुटली तर तिचे तुकडे अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायात जातात. माउंटबोर्ड आम्लविरहित हवाच, पण इथं त्याचं आणखी एक काम असतं: चित्र आणि ॲक्रिलिक यांच्यात फट ठेवणं. पाण्याकाठी आतल्या बाजूला दव धरतं, आणि चित्र शीटला चिकटलेलं असलं तर तिथंच डाग पडतो. माउंट चार पदरी असेल तर ही फट पुरते. मागची बाजू कागदी टेपनं बंद करावी. प्लॅस्टिकच्या टेपनं आतला दमटपणा कोंडून राहतो.

आता चौकटी. मांडववाल्याकडं मिळतात त्या प्लायच्या भिंती पाण्याकाठी नकोत. ताशी 30 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास दाब देतो. 4 बाय 7 फुटांच्या भरीव प्लायवर, सपाट आकारामुळं बसणारा जादा ताण धरून, हा रेटा 13 ते 14 किलो होतो आणि तो कंबरेच्या उंचीवर बसतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, त्यामुळं झोत आला की भिंत हलते असं होत नाही, ती थेट आडवी पडते. आम्ही शिवाजी उद्यमनगरातून 1 इंची चौकोनी पाइपाच्या 16 चौकटी करून घेतल्या, त्यात 2 बाय 2 इंचांची वेल्ड जाळी. एकेकीचं वजन 15 किलोच्या आसपास. जाळीतून वारा जातो, अडतो तो फक्त फ्रेमवर आणि पाठीमागच्या 3 बाय 3 फुटांच्या मजकुराच्या फलकावर. रेटा 5-6 किलोंवर येतो.

तेवढ्यानंही 15 किलोची चौकट उलटू शकते, म्हणून पायाला वजन लागतं. प्रत्येक चौकटीला 3 फुटांचे दोन आडवे पाय, आणि प्रत्येक पायाच्या दोन्ही टोकांना 10 किलो वाळूचं पोतं. एका चौकटीला चार, सोळांना 64 पोती, म्हणजे 640 किलो वाळू. ऐकायला भरपूर वाटते, प्रत्यक्षात ती ब्रासच्या सातव्या हिश्श्याइतकीच असते आणि छोट्या टेम्पोत मावते. पोतं एकाच टोकाला ठेवून उपयोग नाही. वारा कुठल्याही बाजूनं फिरू शकतो, त्यामुळं दोन्ही टोकांना हवं. पोती गडद रंगाच्या कापडात शिवून घेतली, कारण सिमेंटची रिकामी पोती पायात दिसली की प्रदर्शनाची कळा जाते. शिवाय ती उन्हानं विरतात आणि वाळू वाटेवर पसरते. वाळू पसरली की कुणीतरी घसरणार.

दोन-दोन चौकटी बिजागरीनं जोडून मधे थोडा कोन दिला. सरळ रेषेत उभ्या चौकटींपेक्षा पुस्तकासारख्या किंचित उघडलेल्या चौकटी कितीतरी घट्ट उभ्या राहतात. कोन फार केला तर मात्र एका पानावर संध्याकाळचं तिरपं ऊन येतं. 180 ऐवजी 160-165 अंश पुरे.

अशा आठ जोड्या. आठ चौकटींवर अर्ध्या तावाचं एकेक, उरलेल्या आठांवर चौथाईची दोन-दोन, एकूण 24 चित्रं. याहून जास्त लावायचा मोह होतो. पण तळ्याकाठचा माणूस चित्रं बघायला घरातून निघालेला नसतो, तो फिरायला निघालेला असतो. चोविसाच्या पुढं तो चालायलाच लागतो.

टांगणं हे गॅलरीसारखं तारेवर नाही. तारेवरची फ्रेम वाऱ्यात डुलते आणि जाळीवर आपटून कोपरे उडवते. वर दोन डी-रिंगांना एस आकाराचे हुक, खाली दोन ठिकाणी नायलॉनचे झिप टाय. टाय काळे घ्यावेत. पांढरे उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. खालचे टाय आवळले म्हणजे फ्रेम सहज काढूनही नेता येत नाही, हा आणखी एक फायदा. चित्राचा मध्य जमिनीपासून 54 इंचांवर धरला. गॅलरीत तो 57 ते 60 असतो, पण इथं कठड्यावर बसलेले आजी-आजोबा आणि कंबरेएवढी पोरं हेच मोठे प्रेक्षक.

उघड्यावर सगळ्यात जास्त वैताग देते ती चकाकी. ॲक्रिलिकमध्ये आकाश उमटतं, आणि चित्र जितकं गडद तितकं ते आरशासारखं वागतं. रात्रीच्या गंगाआरतीचं एक फार चांगलं काम होतं, ते याच कारणानं वगळलं. दिवसा त्यात बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा आणि मागची भेळेची गाडी दिसली असती. उजळ चित्रांनाही फ्रेमचा वरचा काठ पुढं झुकवावा लागतो. 20 इंच उंचीच्या फ्रेमला वर मागून पावणेदोन इंचांचा लाकडी ठोकळा लावला की 5 अंशांचा कल येतो. मग शीटमध्ये आकाशाऐवजी समोरची जमीन उमटते, आणि जमीन आकाशापेक्षा बरीच काळी असते.

परवानगीचं काम किमान महिनाभर आधी सुरू करावं. महापालिकेकडं अर्जासोबत जागेचा मापांसह नकाशा दिला, तोही हातानं काढलेला. त्यात चालणाऱ्यांसाठी किती फूट वाट मोकळी राहते हे ठळक दाखवलं. अर्ज वाचणारा आधी तेच बघतो. खड्डा खणणार नाही, झाडाला खिळा किंवा दोरी नाही, फरशीला ड्रिल नाही, कचरा आम्ही उचलू, असं हमीपत्र. अनामत रक्कम वेगळी. हद्दीतल्या पोलीस ठाण्याला पत्र. ध्वनिक्षेपक लावायचा नाही असं ठरवल्यामुळं एक परवानगी कमी झाली, आणि खरं सांगायचं तर उद्घाटनाची भाषणंही टळली. चित्रांची विक्री होणार असेल तर ते अर्जातच लिहावं; सार्वजनिक जागेत नुसतं प्रदर्शन आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात, आणि ऐनवेळी किंमतपत्रक दिसलं की वाद होतो. जागा ठरवण्याआधी आजूबाजूच्या गाडीवाल्यांशी बोलणं हीही परवानगीच समजावी. कणीसवाल्याच्या शेगडीचा धूर कुठं जातो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यानं सांगितलं, "संध्याकाळी ह्या अंगाला येतो बघा, तुमी तिकडं सरका," आणि पहिली जोडी 15 फूट सरकवली.

मांडणीचा क्रम असा. चौकटी आणि वाळू आदल्या संध्याकाळी जागेवर, मजकुराचे फलक त्याच रात्री लावून. हे फलक फ्लेक्सचे, दर फुटाला रिंग, प्रत्येक रिंगेला टाय; कमी ठिकाणी बांधले तर रात्रभर फडफडून सकाळपर्यंत फाटतात. सनबोर्डाचा पर्याय स्वस्त आणि देखणा, पण तो उन्हात वाकतो. पहाटे फिरायला येणाऱ्यांना एवढंच दिसतं, नकाशे आणि रेखाटनं, आणि त्यातलेच बरेच जण संध्याकाळी घरच्यांना घेऊन परत येतात.

चित्रं सकाळी 9 च्या आधी पेटीतून काढायची नाहीत. जानेवारीत पाण्यावर धुकं असतं, लोखंडी जाळीवर दवाचे थेंब असतात. जाळी आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावी. रात्रभर गार राहिलेली फ्रेम एकदम दमट हवेत आणली की शीटच्या आत वाफ धरते. पेट्या अर्धा तास झाकणं किलकिली करून सावलीत ठेवल्या तर तापमान जुळतं. त्यातूनही वाफ धरलीच तर फ्रेम उन्हात सुकवायला ठेवू नये. आतली हवा तापते, कागदातला ओलावा बाहेर पडून पुन्हा शीटवरच बसतो. मागची टेप एका कोपऱ्यात सोडवून सावलीत उभी ठेवावी.

टांगायला दोघांची एक जोडी लागते, एक धरणारा आणि एक बांधणारा. अशा तीन जोड्या असल्या तर 24 चित्रं तासाभरात लागतात. एकजण फक्त पाट्यांचा. पाटीवर जागा, महिना, दिवसाची वेळ, माध्यम, माप, मूळ की प्रतिकृती. अक्षर 24 पॉइंटच्या खाली नको. महिना आणि वेळ लिहिणं फार उपयोगी पडलं, कारण प्रवासचित्रात लोक तेच विचारतात. नृसिंहवाडीच्या चित्रात पाणी पायऱ्यांवर कुठवर आलंय हे बघून "हे पावसाळ्यातलं काय?" म्हणणारे कितीतरी जण असतात, ज्यांनी दक्षिणद्वार, म्हणजे पुराचं पाणी देवळातून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तो सोहळा, पाहिलाय त्यांना पायरीवरून महिना कळतो.

दिवसभर वाऱ्यावर एकाचं लक्ष लागतं. वारामापक यंत्र छोटंसं मिळतं, पण डोळ्यानंही जमतं. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले की वारा ताशी 20 ते 28 किलोमीटरच्या दरम्यान आहे, पोती आणि टाय तपासायचे. छोटी झाडं डोलायला लागली की तिशीला आला, मग चित्रं उतरवायची, चर्चा करत बसायचं नाही. हिशेबानं वजन लावलेल्या चौकटी 45 पर्यंत उभ्या राहतात. पण चौकट उभी राहणं आणि चित्र सुरक्षित राहणं यांत फरक आहे. झोतात फ्रेम थरथरते आणि माउंटवरचं चित्र बिजागरीच्या टेपमधून सुटून खाली घसरतं. उतरवण्याचा क्रम आधीच ठरलेला असावा: पाण्याकडच्या टोकाची चित्रं आधी, कारण वारा तिथं आधी लागतो.

बोटांचे डाग हा दुसरा कायमचा उद्योग. भेळ खाऊन आलेला हात चित्राकडं जातोच. दोरी लावली तर लोक लांबूनच बघून जातात, म्हणून दोरी टाळून फडकं ठेवलं. ॲक्रिलिक शीट मऊ मायक्रोफायबरनं आणि साध्या पाण्यानं पुसावी. खिडकीच्या काचेचा अमोनिया असलेला फवारा मारला तर शीटला बारीक तडे जाऊन ती कायमची धुरकट होते. कोरडंच घासलं तर शीटमध्ये वीज साठते आणि ती धूळ आणखी ओढते, शिवाय ओरखडे. पक्ष्यांची विष्ठा पडली तर लगेच ओल्या कापसानं भिजवून उचलावी, सुकू देऊ नये. झाडाखालची सावली दिसते छान, पण तिथं संध्याकाळी थव्यानं पक्षी उतरतात. चौकटी फांद्यांच्या खाली नकोतच.

वह्या बघायची लोकांना चित्रांपेक्षा जास्त हौस. चित्रकाराची प्रवासातली घडीची वही उघडून ॲक्रिलिकच्या झाकणाच्या पेटीत, टेबलावर, तेही फक्त 4 नंतर. दर तासाला पान बदलायचं, म्हणजे एकाच पानावर उजेड पडत राहत नाही आणि थांबलेल्या माणसाला परत फेरी मारून यायला कारण मिळतं. शेजारी प्रवासात नेलेली रंगपेटी, पाण्याची डबी, गुंडाळीतले ब्रश. "एवढ्याशा पेटीतनं एवढं सगळं व्हय?" हा प्रश्न वारंवार येतो, आणि त्यावर अर्ध्या पॅनचे 12 रंग पुरतात, हे दाखवून सांगता येतं.

सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. त्याआधी मूळ जलरंगचित्रं उतरवून पेटीत, त्यांच्या जागी प्रतिकृती. दिव्याच्या उजेडानं धोका नव्हता. अंधारात गर्दीतून मूळ चित्रं नेण्यापेक्षा उजेडात नेलेली बरी. दिव्यांसाठी जनरेटर नको होता, आवाज आणि धूर दोन्ही. प्रत्येक चौकटीला 20 वॅटचा एक एलईडी, सोळांचे 320 वॅट. 150 अँपिअर-तासाची 12 व्होल्ट बॅटरी कागदावर 1,800 वॅट-तास दाखवते. त्यातले निम्मे धरायचे, म्हणजे साधारण तीन तास. 9 ला बंद करायचं असेल तर पुरतं. इन्व्हर्टर आणि बॅटरी पाण्यापासून लांब, विटांवर. पुढच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. वायरचा एकही सांधा जमिनीवर नाही, सगळे चौकटीच्या वरच्या पाइपला, धूळ-पाणी न शिरणाऱ्या आयपी 65 च्या डब्यांत.

दिवा वरून दोन फूट पुढं आलेल्या दांड्यावर, उभ्या रेषेशी 30 अंशांत. याहून सरळ समोरून मारला तर शीटमध्ये दिवाच दिसतो, फार वरून मारला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते. रंग 4,000 केल्व्हिनचा, रंगदर्शकता, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर. 3,000 च्या पिवळट उजेडाला पाण्याकाठचे किडे कमी येतात हे खरं, पण त्यात पाण्याचे निळे मळकट दिसतात, आणि आमची चित्रं पाण्याची. किडे पत्करले. 6,500 चा पांढरा मात्र घेऊच नये. तो किडेही बोलावतो आणि चित्रही मारतो.

विकलेल्या चित्राला लाल टिकली लावायची पद्धत ठेवली. ज्या चित्राची प्रतिकृती टांगली होती त्याचं मूळ विकलं तरी टिकली पाटीवरच, आणि चित्राचा ताबा प्रदर्शन संपल्यावरच्या दिवशी, गटातल्या एकाच्या घरी. चालू प्रदर्शनातून चित्र दिलं की जाळीवर भोक पडतं आणि पुढचा माणूस 'संपलं वाटतं' म्हणून वळतो. तळ्याकाठी मोठी चित्रं थोडी जातात. जातात ती 10 बाय 15 सेंटिमीटरची छापील कार्डं. ती वाऱ्यानं उडतात, तेव्हा पसरून न ठेवता उभ्या कप्प्यांत. पैशाला क्यूआर कोड, पण नेटवर्क गर्दीत अडतं म्हणून सुटे पैसेही. ॲक्रिलिकचं चित्र बांधताना बबलरॅप थेट रंगावर टेकवू नये, गोल गोल ठसे उमटतात. आधी बटर पेपर, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.

उतरवायला लावण्याच्या निम्मा वेळ लागतो असं वाटतं, पण अंधार असतो आणि माणसं दमलेली. त्यामुळं टाय कापायची पक्कड प्रत्येक जोडीच्या कंबरेला, आणि कापलेले तुकडे टाकायला पिशवी तिथंच बांधलेली. हे काळे तुकडे गवतात गेले की सापडत नाहीत आणि अनामत परत मागताना तेच पुढ्यात येतात. जागा मोकळी झाल्यावर सकाळच्या उजेडात फोटो काढून अनामत परत मागायच्या अर्जासोबत जोडले. वाळू पोत्यांसकट मांडववाल्याकडं ठेवून दिली.

फ्रेम घरी आल्यावर पेटीत बंद करून ठेवायच्या नाहीत. मागची टेप काढून, पंख्याखाली पण पंख्याच्या थेट झोतात नाही, दोन दिवस भिंतीला टेकवून उभ्या. कागदात पाण्याकाठचा ओलावा असतोच, आणि तो कोंडला तर महिन्याभरात कागदावर तपकिरी ठिपके यायला सुरुवात होते. मग नवी टेप, सिलिका जेलची पुडी पेटीत, फ्रेमच्या आत नाही. पंधरवड्यानं प्रत्येक फ्रेम तिरप्या उजेडात धरून बघावी. कागदाला लाट आली असेल तर ती तेव्हाच दिसते, आणि तेव्हाच चित्र माउंटमधून सोडवून शोषक कागदांत वजनाखाली ठेवलं तर सपाट होतं.